प्रत दुसऱ्या गावी

घरच्या संगणकावरच्या फाइलींचा बॅकअप घ्यायचं मनात आलं की चौकशी सुरू होते ती दुकानातून. किती टेराबाइटची डिस्क घ्यावी, कुठल्या कंपनीची टिकते, क्लाउडचं भाडं वर्षाला किती पडतं. जपायचं नेमकं किती आहे हे मात्र क्वचितच कोणी मोजतं. मोजायला बसलं तर आकडा अगदीच किरकोळ निघतो. युनिकोडमधल्या मराठीचं प्रत्येक चिन्ह, मग तो ‘क’ असो वा नुसता काना, यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत तीन बाइट जागा घेतं. छापील पानावर दोन हजार चिन्हं धरली तर तीनशे पानांच्या कादंबरीचा मजकूर अठरा लाख बाइटांचा होतो, म्हणजे दोन मेगाबाइटच्या आतच. फोनने काढलेला मिसळीच्या ताटलीचा एक फोटोही बहुधा याहून जड असतो. एखाद्या लेखकाने आयुष्यभरात पन्नास पुस्तकं लिहिली तरी ती सगळी शंभर मेगाबाइटांत मावतील आणि साध्यातल्या साध्या पेन ड्राइव्हचा बहुतेक भाग मोकळाच राहील. घराचं खरेदीखत, विम्याच्या पॉलिसी, डॉक्टरांचे रिपोर्ट, दहा वर्षांची आयकर विवरणपत्रं हे सारं स्कॅन करून ठेवलं तरी मामला सहसा एक-दोन गिगाबाइटच्या पुढे जात नाही. जागा खातात ते फोटो, आणि त्याहून कितीतरी अधिक व्हिडिओ. बॅकअप परवडत नाही ही तक्रार बारकाईने पाहिली तर न निवडलेल्या ढिगाची तक्रार असते.

निवडीसाठी एक प्रश्न पुरतो: ही फाइल गेली तर पुन्हा कुठून मिळेल? डिजिलॉकर २०१५ मध्ये सुरू झालं, आणि तिथली सरकारी कागदपत्रं त्या त्या खात्याच्या नोंदीतून हवी तेव्हा पुन्हा उतरवता येतात. डिजिटल सहीचा सातबारा पुन्हा काढता येतो. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनच्या फाइली यांची तर चिंताच नको. पुन्हा न मिळणारं असतं ते दुसरंच: स्वतःचं लेखन, दुकानाचा टॅलीतला हिशेब, अर्धवट प्रबंध, जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण. यावर एक रास्त आक्षेप येतो. चाळणी लावत बसायला वेळ कोणाला आहे? डिस्क स्वस्त झाल्यात, सगळंच उचलून टाकावं. एका प्रतीपुरता हा आक्षेप मान्यच आहे. मोठ्या डिस्कवर सगळं घर ओतावं. पण एक प्रत पुरत नाही, आणि दुसरी-तिसरी प्रत अख्ख्या ढिगाची करायची म्हटलं की ती होत नाही. पाचशे गिगाबाइट जुन्या डिस्कवर उतरायला काही तास लागतात, म्हणून ते काम रविवारवर जातं आणि मग पुढच्या रविवारवर. दोन गिगाबाइटला एक-दोन मिनिटं लागतात, म्हणून ते होतं.

आता मूळ मुद्दा. पैसे मोजून जागा मिळते. सुरक्षितता मिळते ती प्रतींमधल्या अंतराने, आणि अंतराला फारसे पैसे पडत नाहीत. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी लोकांचे बॅकअप साठवण्याचाच धंदा करते आणि आपल्या डिस्क किती बिघडल्या याचे आकडे नियमितपणे जाहीर करते. तिच्याकडच्या सुमारे तीन लाख डिस्कपैकी वर्षभरात बिघडण्याचं प्रमाण २०२३ मध्ये १.७० टक्के होतं आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के. या डिस्क थंड, स्थिर विजेच्या खोलीत असतात; घरातली डिस्क टेबलावरून पडते, वीज गेल्या-आल्याचे झटके खाते, तेव्हा तिचं प्रमाण याहून बरं असण्याचं कारण नाही. तरी दीड टक्काच धरू. पाच वर्षांत ती बिघडण्याची शक्यता सातेक टक्के होते, म्हणजे चौदा घरांपैकी एकात. आता तशीच दुसरी डिस्क ठेवली तर? दोन्ही एकाच वर्षी बिघडण्याची शक्यता दीड टक्क्याचा दीड टक्का, साधारण चार हजार चारशेत एक. एका साध्या डिस्कच्या किमतीत इतका फरक पडत असेल तर महागड्या कंपनीच्या ‘अधिक टिकाऊ’ डिस्कमागे लागण्यात अर्थ उरत नाही. मात्र या गुणाकाराला एक अट आहे. एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नसला पाहिजे, आणि दोन्ही डिस्क एकाच टेबलाच्या खणात असल्या तर ही अट मोडते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी घरात शिरलं. अशा दिवशी तळमजल्यावरच्या कपाटातल्या डिस्क दोन होत्या की दहा, याला काही महत्त्व राहत नाही. संभाव्यतेच्या भाषेत त्या सगळ्या मिळून एकच डिस्क असतात. चोर लॅपटॉपची बॅग उचलतो तेव्हा बाहेरच्या कप्प्यातली बॅकअपची डिस्कही घेऊन जातो. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि सर्व्हरची एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप दुसरीकडे होता ते सावरले. काही ग्राहकांचा बॅकअप त्याच जागी होता. मूळ फाइली आणि तो एकाच आगीत गेले, आणि प्रकरणं पुढे न्यायालयात गेली.

अंतराचं हे गणित पोथ्यांच्या काळीही असंच होतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून सिद्ध केली, ती शक्य झाली कारण काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळमपर्यंत पोथ्या वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या गावी उतरवल्या गेल्या होत्या. एका प्रांतात घुसलेली भर दुसऱ्या प्रांतातली पोथी उघडी पाडत होती. उलट उदाहरण लीळाचरित्राचं. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांनी जमवलेली मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली आणि नंतर अनुयायांनी आठवणीतून लीळा पुन्हा उभ्या केल्या. ग्रंथ वाचला खरा, पण वेगवेगळ्या पाठांत. हार्ड डिस्कला अनुयायी नसतात.

जागेचं अंतर कळायला सोपं आहे. काळाचं अंतर फसवतं, आणि आज घरगुती फाइली जातात त्यातल्या पुष्कळ याच फटीतून. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवा संगणकावरचा फोल्डर आणि त्याची ऑनलाइन प्रत सतत जुळवून ठेवतात. याला सिंक म्हणतात, आणि बहुतेक लोक यालाच बॅकअप समजतात. सिंकचा स्वभाव आरशासारखा असतो. फाइल चुकून पुसली की आरशातूनही ती जाते. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर घाईघाईत चौथं प्रकरण सेव्ह झालं की काही सेकंदांत तीच चूक तिकडेही उमटते. सेवा कचरापेटी देतात, जुन्या आवृत्त्याही ठेवतात, हे खरं. पण गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतली वस्तू तीस दिवसांनी कायमची जाते, आणि मार्चमध्ये पुसलेली फाइल आयकर भरायच्या वेळी जुलैत आठवते. रॅन्समवेअरने ही फट आणखी रुंद केली. १२ मे २०१७ ला पसरू लागलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने संगणकावरच्या फाइली कुलूपबंद केल्या, तशाच त्याला जोडलेल्या डिस्कवरच्याही केल्या. घरगुती वापरकर्त्यांकडे असे प्रोग्राम बहुतेकदा ‘क्रॅक’ केलेल्या फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून येतात. चोरीच्या सॉफ्टवेअरने वाचवलेले पैसे असे एकदम वसूल होतात.

यावरचा उपाय तंत्रज्ञानाच्या मानाने हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे: वायर काढणं. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात. न जोडलेल्या डिस्कपर्यंत कुठलाही प्रोग्राम पोचत नाही. आणि एका मोठ्या डिस्कऐवजी दोन लहान डिस्क आलटून-पालटून वापरल्या, एक सम महिन्यात, एक विषम महिन्यात, तर एक प्रत नेहमी जुनी राहते आणि आज लक्षात आलेली महिन्याभरापूर्वीची चूक तिच्यावर अजून पोचलेली नसते. फाइलींची नावं बदलण्याचा जुना कारकुनी रिवाजही इथे कामाला येतो: ‘हिशेब’ या एकाच फाइलवर वर्षभर सेव्ह करण्याऐवजी दर महिन्याला तारखेच्या नावाने नवी प्रत. मजकुराच्या फाइली इतक्या हलक्या असतात की बारा आवृत्त्या ठेवूनही जागेला धक्का लागत नाही. विंडोजमध्ये २०१२ पासून असलेली फाइल हिस्टरी आणि मॅकमधली २००७ पासूनची टाइम मशीन हेच काम आपोआप करतात, वेगळे पैसे न घेता. फक्त त्यांना डिस्क जोडलेली लागते. म्हणजे सोय हवी तर वायर जोडून ठेवा, सुरक्षितता हवी तर काढा. या ओढाताणीत दोन डिस्कवाल्याची बाजू बरी पडते: एक जोडलेली, एक कपाटात. विंडोजमधली रोबोकॉपी ही आज्ञाही फुकट आणि वेगवान आहे, पण तिचा ‘एमआयआर’ हा पर्याय वापरताना जपावं. तो मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते प्रतीतूनही पुसून टाकतो, पुन्हा आरसाच.

आता सगळ्यात जोरकस आक्षेप: एवढा खटाटोप कशाला, क्लाउड आहे की. क्लाउडच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. बहुतेक घरांसाठी तेच सगळ्यात स्वस्त ‘दुसरं गाव’ आहे. गूगलच्या खात्यावर पंधरा गिगाबाइट फुकट मिळतात, आणि वर निवडलेला छोटा ढीग त्यात सहज मावतो. अट एवढीच की ही जागा जीमेल आणि फोटोंशी वाटून घ्यावी लागते, आणि १ जून २०२१ पासून फोटोंचाही हिशेब तिच्यात धरला जातो. म्हणून महत्त्वाच्या कागदांसाठी वेगळं खातं काढलेलं बरं. मात्र ते अधूनमधून उघडत राहावं, कारण दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती त्यातल्या मजकुरासकट पुसण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणलं आहे. क्लाउडची खरी मेख इथे आहे. तिथली प्रत पुरापासून दूर असते, पण तिची किल्ली आपल्या एकट्याच्या हातात नसते. पासवर्ड विसरला, ओटीपीचा जुना मोबाइल नंबर बंद झाला, खातं कुठल्याशा संशयावरून गोठवलं गेलं, की फाइली शाबूत असूनही आपल्या राहत नाहीत. कंपनीच्या हातूनही गोष्टी जातात: मायस्पेस या एकेकाळच्या बलाढ्य संकेतस्थळाने २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना लोकांची कित्येक वर्षांची गाणी आणि फोटो गेले. तेव्हा क्लाउड ही एक प्रत म्हणून उत्तम, एकमेव प्रत म्हणून धोक्याची. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

खाजगीपणाची शंकाही खोटी नाही. खरेदीखत आणि पॅन कार्ड दुसऱ्याच्या सर्व्हरवर उघडं ठेवावं का? ठेवू नये. ७-झिप या फुकट प्रोग्रामने पूर्ण फोल्डर एका फाइलमध्ये बांधून एईएस-२५६ पद्धतीने कुलूपबंद करता येतो आणि मग ती गाठोडी कुठेही ठेवता येते, क्लाउडवर किंवा मेहुण्याच्या कपाटात. पासवर्ड मात्र डोक्यात ठेवण्याचा पराक्रम करू नये. तो कागदावर लिहून सोन्याच्या दागिन्यांशेजारी ठेवावा. संगणकातला चोर कपाटापर्यंत येत नाही, आणि कपाटाचा चोर बहुधा झिप फाइल शोधायला आलेला नसतो.

आपल्याकडे दुसरं गाव असतंच, हा इथल्या कुटुंबांचा मोठा फायदा आहे. मुंबईतलं घर गणपतीला कोकणात जातं, पुण्यातला मुलगा दिवाळीला सोलापूरला येतो. त्या पिशवीत एक डिस्क गेली आणि गावी असलेली जुनी परत आली की जागेचं आणि काळाचं अंतर एकाच फेरीत साधतं, तेही एसटीच्या तिकिटाबाहेर एक पैसा न पडता. ही डिस्क नवी असण्याचीही गरज नाही. लॅपटॉपला एसएसडी बसवून घेतली की जुनी हार्ड डिस्क हातात येते. तिला यूएसबीचं केसिंग काही शे रुपयांत मिळतं. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रामने तिची तब्येत पाहून घ्यावी. पेन ड्राइव्हवर मात्र फार विसंबू नये. त्यातली माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं पडून राहिल्यास तो गळतो. शिवाय बाजारात खोटी क्षमता छापलेले पेन ड्राइव्ह सर्रास मिळतात. ते फाइल घेतल्यासारखं दाखवतात आणि खरी जागा संपल्यावर आतला मजकूर नासवतात. एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह भरून आणि परत वाचून ही लबाडी पकडतो. आणि ज्यांच्याकडे अजून डीव्हीडी रायटर धडधाकट आहे त्यांनी त्याला भंगारात घालण्याआधी विचार करावा. डीव्हीडी-आर एकदाच लिहिता येते, आणि म्हणूनच तिच्यावरचं नंतर कोणालाच बदलता येत नाही, खंडणीखोरालाही नाही.

इतकं करूनही प्रत खरी आहे की नाही हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. गिटलॅब ही प्रोग्रामरांसाठी सेवा चालवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली आणि तीनशे गिगाबाइटपैकी साडेचारच्या आसपास उरले. बॅकअपच्या आणि प्रतींच्या एकूण पाच पद्धती होत्या, आणि ऐन वेळी एकही धड चालत नव्हती. बॅकअप अयशस्वी होतोय हे कळवणारे ई-मेलही पोचत नव्हते. शेवटी कामी आली ती सहा तासांपूर्वी वेगळ्याच कारणासाठी हाताने घेतलेली एक प्रत. घरी याची तपासणी अवघड नाही. खंडेनवमीला वही-लेखणीबरोबर संगणकालाही हळद-कुंकू वाहणारी घरं आणि दुकानं पुष्कळ आहेत. त्याच दिवशी बॅकअपची डिस्क भलत्याच संगणकाला जोडून चार फाइली उघडून पाहाव्यात. भलत्याच, कारण स्वतःच्या संगणकावर उघडते ती फाइल दुसरीकडे उघडेलच असं नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना हे आधी कळलं पाहिजे. युनिकोड रुळण्यापूर्वीचं आणि छापखान्यांत तर नंतरही पुष्कळ वर्षांचं मराठी टंकन श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव, आकृती अशा फॉन्टांत झालं. या फाइलींत देवनागरी अक्षर नसतंच. कृतिदेवमध्ये ‘का’ टाइप केलं की फाइलमध्ये साठतात रोमन ‘डी’ आणि ‘के’. फॉन्ट त्यांना ‘का’चं सोंग देतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. एकेक बाइट जपलेली, तीन गावी ठेवलेली प्रत अशी मुकी होते. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ सालची आहे. त्यात जुळवलेले दिवाळी अंक आणि स्मरणिका कित्येक जुन्या डिस्कवर पडून असतील. इथे बॅकअपचा अर्थ बदलतो: फाइलीशेजारी तिचा फॉन्ट ठेवायचा, फॉन्ट परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासायचा, आणि मांडणीसकट हवी तर पीडीएफ काढायची, शक्य तर फॉन्ट आत बांधून घेणाऱ्या पीडीएफ-ए या प्रकारात. परिवर्तक रफार आणि जोडाक्षरांत हमखास चुकतात, म्हणून जुनी फाइल पुसू नये.

राहिला कागद. छापून ठेवलं की झालं, या म्हणण्याला संगणकवाले हसतात, पण हसण्यासारखं त्यात काही नाही. व्हायरस त्याच्या वाटेला जात नाही, तो वाचायला फॉन्ट लागत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीचा कागद आपण आजही वाचतो. पाण्यापुढे तो टिकत नाही आणि त्यावर ध्वनिमुद्रण मावत नाही, हे त्याचे दोष. एक पान मात्र प्रत्येक घराने छापावंच: कुठली डिस्क कुठे आहे, तिच्यावर काय आहे, शेवटची प्रत कोणत्या तारखेची, गाठोडी कुठल्या प्रोग्रामने उघडते, ई-मेलचं खातं कोणतं. डिस्कवरही चिकटपट्टी लावून तारीख लिहावी. बॅकअप घेणारा माणूस घरात बहुधा एकच असतो, आणि त्या फाइलींची गरज पडते तेव्हा तो उत्तर द्यायला जवळ असेलच असं नाही. हे पान बायकोच्या किंवा मुलाच्या हाती देऊन, आपण काही न सांगता, त्यांना एक फाइल उघडून दाखवायला सांगावं.